पामेला आणि पितळी कळशी

राजरत्न तांबे जिन्यात दिसला की आमच्या गोविंदजी चाळीतल्या बायका आतूनच ओरडायच्या, "आरत्या संपल्या रे! पुढल्या घरी बघ!"

आणि हा गृहस्थ हसत हसत पुढल्या घरी जायचा. चपला बाहेर काढायचा, प्यायला पाणी मागायचा, मुलांची कितवी चालू आहे ते विचारायचा आणि मग हळूच विषयावर यायचा. "काकू, तुमच्याकडे ती गणपतीच्या आरत्यांची जुनी कॅसेट आहे का हो? आरत्या संपल्यावर भांडण ऐकू येतं, ती?"

आता बघा, हा नायगावच्या बीडीडी चाळीतला, बौद्ध घरातला. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. आई बकुळाबाई दर पौर्णिमेला विहारात पहिल्या ओळीत बसणारी. आणि मुलगा लालबागभर दारोदार आरत्या मागत फिरतोय. ही बातमी नायगावात पोचायला कितीसा वेळ लागणार? (कोणी पोचवली ते विचारू नका.) बकुळाबाईंनी त्याला ताटावरच धरला. "राजा, खरं सांग. कोण पोरगी आहे?"

"आई, पोरगी नाही. पंक आहे."

बकुळाबाई मला पुढे म्हणाल्या, "नाना, पंख म्हणाला की पंखा म्हणाला तेच कळलं नाही मला. पण पोरगी नाही म्हणाला ना, मग मी भात वाढला."

ही वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. राजरत्न आज अठ्ठेचाळीसचा आहे, डोक्यावर मधोमध चंद्र उगवलाय, पण पंक, म्हणजे ते परदेशी आरडाओरड्याचं संगीत, काही सुटलं नाही.

ते भांडण काय होतं ते सांगतो. एकोणीसशे शहाण्णव साली आमच्या चाळीत दोन पोरांनी बँड काढला होता. दोघांचाच. गुणाजी परब ड्रम वाजवायचा आणि माधव चव्हाण गिटार बडवत गायचा. गायचा म्हणजे तक्रार करायचा. गुणाजीचा हात तयार झालेला बँजो पार्टीत. विसर्जनाला आठ-आठ तास वाजवून त्याच्या मनगटात असा दम आला होता की आमच्या मजल्यावरच्या फळीवरचे डबे त्याच्या सरावाला नाचायचे. माधवची गिटार त्याच बँजो पार्टीच्या अँप्लिफायरमधून निघायची, म्हणून तिला सदा एक खरखर. जणू घशात मांदेलीचा काटा अडकलाय.

या दोघांना पंकची लागण करणारा त्यांचा शाळेतला दोस्त राजरत्नच. तो धोबीतलावच्या कॉलेजात जायचा आणि येताना फोर्टच्या फुटपाथवर परदेशी कॅसेटींच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून बसायचा. त्यातही गाजलेल्या बँडच्या कॅसेटी नकोत. ज्यांनी एक अल्बम काढला, तो कोणी घेतला नाही, मग आपसांत भांडून जे घरी गेले, असल्यांच्या कॅसेटी शोधायचा. पुढे एकदा त्याच्या घरी मी विचारलं, "का रे बाबा? चांगलं काही मिळत नाही का?"

"नाना, जे गाजलं त्याला ऐकायला सगळी दुनिया आहे. नाही गाजलं त्याला कोण विचारणार?"

"मग लग्नही याच हिशेबानं केलंस का रे?"

"नाना, मी ऐकत्येय हां!" आतून सीमा. त्याची बायको. पोळी लाटायचं लाटणं हातात घेऊनच ती दारात आली, आणि मी चहा न पिताच उठलो.

तर बँडचं नाव या पोरांनी ठेवलं 'कॉमन संडास' आणि कॅसेटचं नाव 'रांग'. आमच्या सौभाग्यवतींनी आमची प्रत चिमट्यात धरून माळ्यावर टाकली. आठ गाणी. सगळ्यात लांबलचक अडीच मिनिटांचं. रॉकेलची रांग, गिरणीच्या गेटावरचं कुलूप, बारावी नापासाला मिळणारे सल्ले. एक गाणं तर अख्खं शेजारच्या कुकरच्या शिट्ट्यांवर बेतलेलं. मला विचाराल तर मला तेव्हा डोकेदुखीखेरीज काही मिळालं नाही. पण राजरत्न समोर बसवून ऐकवतो ना, तेव्हा जरा जरा दिसायला लागतं. "नाना, तिसरं गाणं. गुणाजी एक ठोका चुकला. कळलं? आता पुढल्या फेरीला बघा, तीच चूक त्याने मुद्दाम केली. आणि तिसऱ्या फेरीला माधवपण चुकला, त्याला सोबत म्हणून. याला म्हणतात दोस्ती." बोलताना त्याच्या डोळ्यांत असं काही येतं की मी आपला मान डोलावतो.

दीडशे प्रती काढल्या. सदतीस खपल्या, त्यातल्या अकरा बँजो पार्टीने घेतल्या. उरलेल्यांचं गाठोडं गुणाजीच्या आईच्या, सुंदराबाईंच्या माळ्यावर. तीन वर्षांनी आमच्या मंडळाला आरत्या भरायला कॅसेटी हव्या होत्या. विकतच्या कॅसेटीच्या डोक्यावरच्या खाचेला चिकटपट्टी लावली की तिच्यावर काहीही भरता येतं, हे ज्ञान तेव्हा प्रत्येक घरात होतं. झालं! 'रांग'वर आरत्या चढल्या आणि घरोघरी वाटल्या गेल्या. पण आरत्या बसल्या कमी वेळात. त्यामुळे शेवटचे टाळ थांबले, तुम्ही कापूर विझवायला वाकलात, की मागून माधव किंचाळायचा. पुष्कळ घरांत नैवेद्याच्या ताटाला धक्का लागलेला मी पाहिला आहे.

राजरत्नची स्वतःची प्रत त्याच्या टेपनेच गिळून टाकली होती. मूळ टेप तर कुठे गेली देवाला ठाऊक. म्हणून हा आरत्या मागत फिरत होता. आरत्या कुठे सुरुवातीपासून, कुठे मधूनच भरलेल्या, त्यामुळे एका घरात पहिलं गाणं, दुसऱ्यात पाचवं, भायखळ्याला लग्न होऊन गेलेल्या एका मुलीच्या रुखवतातल्या खोक्यात चौथं. असं करत त्याने अख्खी 'रांग' पुन्हा उभी केली. शेवटचं, आठवं गाणं मात्र बहुतेक सगळ्या कॅसेटींवर शाबूत होतं, कारण आरत्या तिथपर्यंत पोचल्याच नव्हत्या. आणि आमची सगळी भानगड त्या आठव्या गाण्याची.

गोविंदजी चाळीत तेव्हा नळाला पाणी यायचं दुपारी सव्वाचारला, पाऊण तास. नळ सुंदराबाईंच्या खोलीसमोर. तो खाकरला रे खाकरला की पहिली हाक त्यांची. सुंदराबाई मूळच्या कुडाळच्या, आवाज असा की चौथ्या मजल्यावर झोपलेला रात्रपाळीवाला उठून बादली शोधायचा. त्या दिवशी ही पोरं त्यांच्याच खोलीत रेकॉर्डिंग करत होती. टेप राजरत्नची, म्हणजे त्याच्या वडिलांचा टू-इन-वन, आणि बटणावर बोटही त्याचंच. आठवं गाणं रंगात आलं, घड्याळाकडे कोणाचं लक्ष नव्हतं, आणि दारातून हाक आली, "पाणी इलाऽऽऽ!"

दोघं वाद्यं टाकून बादल्या घेऊन पळाले. त्या काळी कलेपेक्षा पाणी मोठं होतं. पाणी भरून आले तर टेप फिरतच होती. राजरत्नने बटण बंदच केलं नव्हतं. पुन्हा वाजवायला ना वेळ होता ना कोरी कॅसेट. गाणं तसंच, पुढच्या पाणी भरण्याच्या आवाजासकट कॅसेटवर गेलं. माधवने त्याला त्या दिवशी ज्या शिव्या दिल्या त्या मला पाठ आहेत, पण इथे लिहिता येणार नाहीत.

पुढे कॅसेट कंपनीतला एक माणूस ऐकून गेला. म्हणाला, बाकी ठीक आहे, पण ती बाई कोण मध्येच ओरडते? दुकानात हे घेणार कोण? गुणाजीने घरी येऊन आईला जसंच्या तसं सांगितलं. वर्षभरात ड्रम विकून तो कुडाळला गेला, टेम्पो घेतला, तिकडेच संसार थाटला. माधव विमा कंपनीत चिकटला, प्रभादेवीला राहायला गेला, पोट सुटलं. बँड संपला.

राजरत्न मात्र परळच्या एका मोठ्या सरकारी इस्पितळात कान तपासायला लागला. खरंच सांगतो. अर्धं आयुष्य कान किटवणारं संगीत ऐकलेला हा माणूस दिवसभर लोकांना काचेच्या बंद खोलीत बसवून कानात टूं टूं ऐकवतो. ऐकू आलं की पेशंटने हातातलं बटण दाबायचं, बाहेर याच्यासमोर लाल दिवा लागतो. फावल्या वेळात त्याचा एक ग्रुप चालतो, नाव 'नावडती'. आवडतीला राजा असतो, म्हणतो, नावडतीला आम्ही. साठेक माणसं, कुठली कुठली. एकेक जण एकेक न गाजलेला अल्बम पुढे ठेवतो आणि बाकीचे त्याचं कौतुक करतात. गर्दीत कोणाच्या नजरेतून काय सुटलं ते एकमेकांना दाखवतात. सहा वर्षांपूर्वी राजरत्नने तिथे 'रांग' टाकली.

आणि जगाला 'पामेला' सापडली.

तुम्ही 'पाणी इला' भरभर म्हणून बघा. जुनी कॅसेट, वर गिटारची खरखर, ऐकणाऱ्याला मालवणी नाही. काय ऐकू येतं? पामेला! कॅसेटच्या वेष्टनावर आठव्या गाण्याला नावच नव्हतं, छापायचं राहिलं होतं, म्हणून ग्रुपवाल्यांनी तेच नाव ठेवून दिलं. कोणी म्हणे पामेला म्हणजे कवीची सोडून गेलेली प्रेयसी. कोणी म्हणे हाक मारणारी तिची आई. शिलाँगच्या एका पोराने गाण्याच्या शेवटावर पानभर लिहिलं: शेवटी तीन सूर एकामागून एक वर चढतात, पहिले दोन पूर्ण होतात आणि तिसरा अर्ध्यावरच अडकतो, हे त्या अपुऱ्या प्रेमाचं चिन्ह. आणि हे कुठल्या सिंथेसायझरवर वाजवलंय? नव्वदच्या दशकात लालबागमध्ये असलं यंत्र आलं कुठून?

राजरत्नने बिचाऱ्याने तीनदा लिहिलं, की बाबांनो, ती पाणी आल्याची हाक आहे आणि पुढे पाणी भरतायत. लोक म्हणाले, वा, काय सुंदर रूपक आहे!

हे सगळं गमतीत चाललं होतं तोवर ठीक. पण इंटरनेटवरच्या गोष्टी प्रभादेवीपर्यंतही जातात. माधवची बायको मेघना ठाण्याच्या बैठ्या बंगल्यात वाढलेली, नळ सोडला की पाणी येणार एवढंच माहीत असलेली. तिच्या भाचीने तिला दाखवलं, मावशी, काकांच्या तरुणपणीच्या प्रेमावर परदेशातले लोक लिहितायत. माधवने सांगितलं, अगं ते पाणी आलंय. मेघना म्हणाली, "पाणी आलं तर एवढं कोण ओरडतं? आणि तुमच्या आवाजात रडू कसलं आहे मग?" पुढे एका लग्नात तिने मला बाजूला घेतलं. "नाना, तुम्ही जुने. मला खरं सांगा. ही पामेला भायखळ्याची का?"

मी फक्त हसलो. हसण्यावर अजून तरी बंदी नाही.

माझ्या त्या हसण्याने एवढं महाभारत होईल असं मला वाटलं नव्हतं, हे आपलं सांगून ठेवतो. कारण त्यानंतर रुचा आली. 'नावडती'मधलीच, तिशीची, पुण्याची मुलगी. असे विसरलेले अल्बम शोधून ती त्यांच्या मोठ्या काळ्या तबकड्या काढते, नव्या वेष्टनात. तिने 'रांग' निवडली. राजरत्न त्या दिवशी आमच्याकडे आला तो पेढे घेऊन. इतका आनंद त्याने मुलगी झाली तेव्हाही दाखवला नव्हता, आणि हे वाक्य मी सीमासमोर बोललो नाही एवढी अक्कल मला तेव्हा आली होती.

रुचा कामाला पक्की. म्हणाली, कॅसेटवर ज्यांचा ज्यांचा आवाज आहे त्या सगळ्यांच्या सह्या हव्यात. तबकडी छापणाऱ्याला गाणी रविवारी जायची, म्हणजे सह्या शनिवारपर्यंत. गुणाजीने फोनवर सांगितलं, "माझी हरकत नाय. पण आठव्या गाण्याचं आई म्हणेल तसं." माधव म्हणाला, "सही देतो. पण ती हाक काढा. घरात शांतता पाहिजे मला." रुचा म्हणाली, "निघेल ना. आता अशा सोयी आहेत. हाक आणि तिच्यापुढचे ते सूर, दोन्ही पुसता येतील. गाणं तिथेच संपवू."

राजरत्नचा चेहरा पडला. मला वाटलं, एवढं काय त्यात? सात गाणी आहेत, आठवंही आहे, चार सेकंदांची हाक गेली तर गेली. तसं मी म्हटलंही. तो आमच्या गॅलरीत कठड्याला टेकून उभा होता. आता आम्ही टॉवरमध्ये राहतो हां. चाळ पाडून त्याच जागेवर बिल्डरने उभा केलेला, मी आणि सुंदराबाई एकोणिसाव्या मजल्यावर दाराला दार लावून.

"नाना," तो म्हणाला, "त्या कॅसेटवर माझं काय आहे, सांगा. गाणं माझं नाही, वाजवणं माझं नाही, नावपण नाही. मी एकच गोष्ट केली. बटण बंद केलं नाही. ती हाक पुसली, की मी तिथे नव्हतोच."

मी उठून स्वतः त्याच्यासाठी चहा ठेवला. माझ्या बाबतीत हे फार क्वचित होतं.

उरल्या सुंदराबाई. त्या हो म्हणाल्या तर निदान अर्धं काम होणार होतं. राजरत्न त्यांच्यापुढे जाऊन बसला. ऐंशी उलटलेल्या, कान पार गेलेले. टीव्ही एवढा मोठा लावतात की खुनी कोण ते मला माझ्या घरात कळतं. त्याने कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. पामेलाचं वगळून. त्या ऐकत होत्या आणि एकदम म्हणाल्या, "काडून टाक ता."

"मावशी, पण लोकांना तेच आवडतं."

"लोकांका काय? माझ्या त्या बोंबलण्यान माझ्या झिलाचो बाजो बंद पडलो. घर सोडून गेलो तो. तीस वरसां माझ्या मनात हा. काडून टाक, राजा. तुका माझी शपथ."

राजरत्न उठला. दारात चपला घालताना दोन्ही डाव्या पायात घालायला बघत होता. मी म्हटलं, थांब. "अरे, या बाईने ते गाणं कधी ऐकलंय का?"

ऐकलं नव्हतं. कॅसेट आली तेव्हा लाजेने ऐकलं नाही, आणि आता ऐकू येत नाही. राजरत्नने माझ्याकडे पाहिलं, मग सुंदराबाईंच्या कानाकडे पाहिलं, आणि त्याच्यातला सरकारी माणूस जागा झाला. "मावशी, शुक्रवारी इस्पितळात या. कान तपासून देतो."

शुक्रवारी दुपारी ओपीडी संपल्यावर आम्ही गेलो. मी सोबत म्हणून. माझेही कान तपास म्हटलं तर राजरत्न म्हणाला, "नाना, तुम्हाला शेजारच्या बिल्डिंगमधलं ऐकू येतं, तुमचं काय तपासू?"

सुंदराबाईंना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन, हातात बटण. राजरत्नने खुणेने आणि ओरडून समजावलं: ऐकू आलं की दाबायचं, थांबलं की सोडायचं. टूं टूं सुरू झालं. दिवा लागेना. मग आवाज वाढवला, दिवा एकदा लुकलुकला. पुन्हा नाही. आतून त्या म्हणाल्या, "मच्छर असा रे आत." कागदावर त्यांच्या कानाची रेघ सरळ खाली चालली होती, एखाद्या जिन्यासारखी.

तपासणी संपली. त्या मशीनला बाहेरून आवाज जोडायची सोय असते, पेशंटला शब्द ऐकवायला. राजरत्नने तिथे आपली वायर लावली, कुठला सूर किती वाढवायचा ते त्या कागदाकडे बघून ठरवलं, आणि आठवं गाणं सुरू केलं. आम्हाला बाहेर काहीच ऐकू येत नव्हतं. फक्त दिवा दिसत होता.

दिवा लागला. विझेना.

आधी मला वाटलं बाईचं बोट अडकलं. काचेतून बघतो तर त्या ताठ बसलेल्या. डोळे समोर कुठेतरी. राजरत्न बोटांवर वेळ मोजत होता. "आता हाक येईल," तो पुटपुटला. आणि सुंदराबाई खुर्चीवरून अर्ध्या उठल्या. खरंच उठल्या! पदर खोचला, इकडे तिकडे पाहिलं, आणि वायर ताणली गेली तेव्हा पुन्हा बसल्या. दिवा लागलेलाच. मग त्यांचे ओठ हलायला लागले, काहीतरी मोजल्यासारखे. गाणं संपलं तेव्हा कुठे दिवा विझला.

बाहेर आल्या. खुर्चीत बसल्या. राजरत्न त्यांच्यासमोर उकिडवा, तोंड कानाशी.

"गुणाजी हसलो रे," त्या म्हणाल्या.

"हो मावशी."

"मी बोंबललंय, आणि तो हसलो. 'इलंय गे आये' म्हणालो. माका वाटला चिडलो असतलो."

"चिडला नव्हता. मी तिथेच होतो."

"मगे माका तीस वरसां सांगूक काय झाला तुका, मेल्या?"

मी मध्ये तोंड घातलं, "वहिनी, त्याला वाटलं तुम्हाला माहीत असेल." त्यांनी मला हाताने गप्प केलं. डोळे पुसले, नाक ओढलं, आणि मग त्यांच्यातली चाळीची मालकीण परत आली.

"आणि ता शेवटाक काय वाजता, ता काय म्हणतंत तुझे लोक?"

"ते म्हणतात मशीन आहे. सिंथेसायझर."

"मशीन? खंयचा मशीन? पयली माझी पितळी कळशी. भरत इली की गळ्यात कशी बोलता, आयकलंस मां? दुसरो माधवच्या आवशीचो डालड्याचो डबो. आणि तिसरी ती लाल बालदी. तिका खाली चीर होती. ती भरतली खंयसून? म्हणान तिचो आवाज वर चढना नाय."

राजरत्न तसाच उकिडवा बसून राहिला. त्याला पाणी भरतायत एवढं माहीत होतं, भांडी माहीत नव्हती. शिलाँगच्या पोराचं ते पानभर अपुरं प्रेम म्हणजे चिरलेली बादली! तो हसायला लागला, मग सुंदराबाई हसल्या, आणि बाहेरून नर्स बघायला आली की कान तपासताना एवढं काय झालं.

"ठेव," सुंदराबाई म्हणाल्या. "सगळा ठेव. पण मशीन लिवशीत तर बघ. कळशी लिव."

उरला माधव. त्याला शनिवारी सुंदराबाईंकडेच बोलावलं. तो आला तो मेघनाला घेऊन. म्हणजे मेघना त्याला घेऊन आली म्हणा. तिला ही हाक मारणारी बाई स्वतः बघायची होती. सुंदराबाईंनी आंबोळ्या केल्या होत्या. माधव खाली मान घालून आंबोळी खात होता आणि राजरत्नशी नजर चुकवत होता. रुचा फोनवर वाट बघत होती. मी कोपऱ्यात. एरवी मला कोणी बोलावलं नसतं, पण दाराला दार आहे.

मेघना सभ्य बाई. ताट खाली ठेवलं, हात पुसले, आणि सुंदराबाईंच्या जवळ सरकली. "काकू, एकच विचारते, राग मानू नका. पामेला..."

"आं?"

"पामेला, काकू, पामेला!" ती ऐकू जावं म्हणून ओरडली.

सुंदराबाई ताडकन उठल्या. "खंय? किती वाजले?" आणि पदर खोचून तरातरा मोरीकडे निघाल्या. "बसलात काय मेल्यानु? माधव, ऊठ! बालदी लाव आधी! गेला मगे पाणी!"

आणि माधव उठला हो! पन्नाशीचं पोट सावरत, तोंडात आंबोळी, विमा कंपनीचा असिस्टंट मॅनेजर, मोरीच्या दारातली बादली उचलून उभा राहिला. मग दोघांनाही भान आलं. सुंदराबाईंनी कपाळावर हात मारला. "अगे बाय, विसरलंय. हंय चोवीस तास येता."

मेघना त्या बादलीकडे बघत होती. मग नवऱ्याकडे. मग अशी हसत सुटली की तिला ठसका लागला आणि सुंदराबाईंनीच तिची पाठ चोळली. "काकू, तुम्ही काय म्हणता ते, पुन्हा म्हणा ना."

"काय? पाणी इला?"

"पुन्हा!"

"पाणी इलाऽऽऽ!" बाईंनी दिली खणखणीत. खालच्या अठराव्या मजल्यावर कोणाच्या तरी हातातलं भांडं पडल्याचं मी स्वतः ऐकलं.

माधवने बादली खाली ठेवली आणि सही केली. मग पेन तसंच हातात धरून राजरत्नला म्हणाला, "राजा, एक सांग. त्या दिवशी बटण का बंद केलं नाहीस?"

"तुझ्या गाण्यापेक्षा बरं चाललं होतं."

माधवने त्याला तिथल्या तिथे एक जुनी शिवी दिली, मला पाठ असलेल्यांपैकी. आणि मग कागदाच्या खाली, रुचाला पाठवायच्या यादीत, स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली.

तबकडी निघाली. ग्रुपवर शिलाँगच्या पोराने बादलीची माफी मागितली. मेघना आता नवऱ्याला घरात पामेला म्हणून हाक मारते, हे मला कुठून कळलं ते सांगणार नाही. सुंदराबाईंकडे तबकडी वाजवायला काही नाही, पण तिचं वेष्टन त्यांनी शोकेसमध्ये कळशीला टेकवून उभं केलंय.

राजरत्नने आपली प्रत नायगावला आईकडे नेली. बकुळाबाईंनी चष्मा लावून मागची बाजू वाचली. गिटार, गाणी: माधव चव्हाण. ड्रम: गुणाजी परब. हाक आणि पितळी कळशी: सुंदराबाई परब. बटण बंद न करणारा: राजरत्न तांबे.

शेवटची ओळ त्यांनी दोनदा वाचली.

"म्हणजे राजा, काही न करण्याबद्दल तुझं नाव छापून आलं?"

"तसंच काहीसं, आई."

"शाळेत इतकं करून कधी आलं नाही," बकुळाबाई म्हणाल्या, आणि त्या पौर्णिमेला विहारात जाताना ते वेष्टन पिशवीत घालून घेऊन गेल्या.